कुठल्याही पत्राला चालतील अशी सहा वाक्यं

अकराव्या दिवशी भटजी पानावर बसलेले, वाढणं चाललेलं, आणि सीतामहालक्ष्मीने सगळ्या भावकीच्या देखत तोंड सोडलं.

"विचारलं होतं त्याने हिला. नुसतं बोलून नाही, लिहून विचारलं होतं. आणि ही काय म्हणाली? नंतर बघू! म्हणून थांबला तो. म्हणून गेला."

हिमबिंदूच्या हातात पुलिहोऱ्याचं, चिंचेच्या भाताचं, पातेलं होतं. डाव तसाच हवेत राहिला. तिला आधी वाटलं, अत्तय्या, तिची आत्या, दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतेय.

"कुणाला विचारलं? मला?"

"नाही, दिल्लीला विचारलं! तुलाच गं. एकुलती एक लेक ना तू त्याची?"

"अत्तय्या, नान्ना मला एका शब्दानं बोलले नाहीत. छातीचं दुखणं होतं हेसुद्धा मला ते गेल्यावर कळलं. कशाला तोंडाला येईल ते बोलतेस?"

"मी खोटं बोलते? त्याच्या अकराव्याला, त्याच्याच घरात उभी राहून?"

"हो, बोलतेस!"

झालं. एवढं बोलल्यावर मागे उरलं काय? अत्तय्या नान्नांची, म्हणजे बिंदूच्या वडिलांची, धाकटी बहीण. नवरा वारल्यापासून बारा वर्षं इथे नरसापूरला भावाच्याच घरात. क्रोशाच्या सुईने लेस विणायची, भावाला दोन वेळा कॉफी करून द्यायची, आणि गल्लीतल्या प्रत्येकाला त्याचं काय चुकलं ते त्याच्या तोंडावर सांगायचं, हा तिचा दिवस. फटकळ म्हणाल तर एक नंबर, पण खोटं बोलणारी बाई ती नव्हे. हे बिंदूलाही माहीत होतं, आणि म्हणूनच तिचं डोकं जास्त फिरलं. तिने पातेलं खाली आदळलं, बॅग उचलली आणि न जेवता निघाली. बापाच्या अकराव्याला लेक उपाशी घरातून गेली, हे नरसापूर पुढची दहा वर्षं चघळणार, हे तिला कळत होतं. चघळा म्हणावं.

हैदराबाद येईपर्यंत तिने फोन उलटापालटा करून पाहिला. वर्षभराचे मेसेज वाचले. आवकाय लोणच्याची बरणी कोणाबरोबर पाठवली, गॅसचा नंबर लागला, गोदावरीला पाणी चढलंय पण आपल्या गल्लीत नाही. कुठेही डॉक्टर नाही, छाती नाही, विचारणं नाही. बघ, म्हणत होते ना मी! असं तिने स्वतःलाच चारदा सांगितलं. तरी घशाखाली पाणी उतरेना.

बापाला आपण मारलं, असं कोणी म्हटल्यावर कसं उतरेल?

* * *

बिंदूचं काम काय, हे तीन वर्षांपूर्वी नान्नांना समजावताना तिला घाम फुटला होता.

"ओळखदेख नसलेल्या माणसांना मेल पाठवायचे, नान्ना."

"कशाबद्दल?"

"दुसऱ्या कंपन्यांचा माल विकायला. अमेरिकेतल्या दाताच्या डॉक्टरांना खुर्च्या, शाळांना लिहायचे फळे, असं."

"आणि ते लोक वाचतात?"

"तेच तर काम आहे. मेल स्पॅममध्ये पडू द्यायचा नाही."

नान्नांनी जरा विचार केला. "म्हणजे परक्याच्या अंगणात शिरायचं आणि कुत्रं भुंकू द्यायचं नाही."

"अगदी तसंच!"

"चोराचंही हेच काम असतं गं. त्याला पगार नसतो एवढंच."

कामेश्वररावांचं बोलणं असं मोजकं. चौतीस वर्षं तारऑफिसात काढलेली. तारेत शब्द वाढला की गिऱ्हाइकाला भुर्दंड, म्हणून माणसाचं सगळं दुःख पाच-सात शब्दांत बसवून द्यायची सवय हाताला लागली होती, ती निवृत्त झाल्यावर जिभेलाही लागली. बायको गेली तेव्हा कॉलेजात असलेल्या बिंदूला त्यांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं, "आई नाही राहिली. जेवून नीघ. मी स्टेशनवर आहे."

बिंदूचा हात मात्र या कामात छान बसला. फुकट म्हणायचं नाही, त्वरा करा म्हणायचं नाही. उद्गारचिन्हांची माळ नको. समोरच्याचं नाव, त्याच्या गावाचं काहीतरी, चारच ओळी आणि शेवटी एक साधा प्रश्न. कुठेतरी एक बारीकशी चूकही ठेवायची, म्हणजे माणसाने हाताने लिहिल्यासारखं वाटतं. तिचे मेल परक्यांच्या घरात असे शिरायचे की यजमानाने पाट मांडावा.

पण मजकूर कितीही गोड असला तरी पत्त्याला पत लागते. नवा पत्ता काढून पहिल्याच दिवशी हजार मेल सोडले तर हजारच्या हजार कचऱ्यात. म्हणून आधी तो पत्ता तापवायचा. ओळखीच्या माणसांना रोज एक मेल टाकायचा, त्यांनी तो उघडायचा, उत्तर द्यायचं, त्या उत्तराला परत आपलं उत्तर जायचं. मग मेल पोचवणाऱ्या कंपन्यांच्या यंत्रांना वाटतं, बरं का, ही घरंदाज माणसं दिसतात, यांची बोलचाल आहे. ऑफिसात या मेलांना नावच पडलं होतं, पहिला दोसा. पहिला दोसा कोणी खातं का? तो तवा तापवायलाच असतो. पाठवायचं काम यंत्राचं, उत्तराला उत्तर द्यायचं कामही यंत्राचंच, आणि सगळं परस्पर एका बाजूच्या कप्प्यात जाऊन पडायचं. त्या कप्प्यात कुणी डोकावायचं नाही. वेळ कोणाला आहे?

यंत्राने उत्तरात काय लिहायचं, ते मात्र एकदा माणसाने लिहून द्यावं लागे. बिंदूचा टीम लीडर वंशी म्हणाला होता, "कुठल्याही पत्राला चालतील अशी सहा वाक्यं दे. समोरच्याने बारसं कळवलं तरी चालतील आणि मयत कळवली तरी चालतील." बिंदूने एका दुपारी बसून ती दिली. पहिलं, वाचून बरं वाटलं. दुसरं, अगदी बरोबर आहे तुमचं. तिसरं, सध्या गडबडीत आहे, पण लक्षात ठेवते. चौथं, कल्पना चांगली आहे, पुढच्या तिमाहीत बघू. पाचवं, कळवलंत ते छान केलंत, सविस्तर बोलू. आणि सहावं, काळजी घ्या.

चौथ्यावर वंशी खूश झाला. "काय वाक्य आहे! नाही पण म्हणायचं नाही आणि हो पण म्हणायचं नाही. तू राजकारणात जायला हवी होतीस." सहावं त्याला फार घरगुती वाटलं. ते यंत्राकडून क्वचितच जाईल, असं त्याने लावून ठेवलं.

मग प्रत्येकाने आपल्या नातेवाइकांचे पत्ते द्यायचे ठरले. जुने, वापरातले, स्वच्छ पत्ते. बिंदूला पहिले नान्नाच आठवले. सतरा वर्षांपूर्वी तिनेच त्यांना काढून दिलेला पत्ता, त्यावरून आयुष्यात एक वावगं अक्षर गेलेलं नाही.

"नान्ना, तुम्हाला रोज माझ्या नावाने एक मेल येईल. उघडायचा आणि दोन ओळी उत्तर टाकायचं. स्पॅममध्ये पडला तर बाहेर ओढून काढायचा. एवढं कराल माझ्यासाठी?"

"रोज? तू रोज लिहिणार?"

"हो, रोज येईल."

"उत्तरात काय लिहू?"

"काहीही लिहा. फक्त खरं वाटायला हवं."

"खरंच लिहीन की," नान्ना म्हणाले.

आणि रतीब सुरू झाला. रविवारच्या फोनवर ते विचारायचे, "माझं मिळतं ना तुला?" बिंदू एका हाताने भाजी परतत म्हणायची, "मिळतं की! नान्ना, तुमचा पत्ता म्हणजे आमच्याकडे सोनं आहे सोनं. एक दिवस खाडा नाही." ते खूश व्हायचे. पाच मिनिटांत फोन आटपायचे. "तब्येत ठीक. बाकी लिहिलंय." बिंदूला वाटायचं, म्हातारा कामाचा हिशोब देतोय. मग ती म्हणायची, "हो हो, बघितलं."

तीन वर्षं, दर रविवारी, ती हेच म्हणाली.

* * *

दोन जानेवारीला ती ऑफिसात गेली. वंशीने आधी दोन मिनिटं गंभीर चेहरा केला, खांद्यावर हात ठेवला, चहा मागवला. भला माणूस. मग स्वतःच्या पडद्याकडे वळून म्हणाला, "बिंदू, तुला सवड झाली की एक बघशील? आपला सगळ्यात चांगला पत्ता गार पडलाय."

"कुठला?"

"हा बघ ना. तीन वर्षं रोज उत्तर, एक दिवस चुकला नाही. आणि एकोणीस डिसेंबरपासून काहीच नाही. आपले मेल रोज जाताहेत, पण हा उघडतच नाही. काय झालं काय याला? गार म्हणजे एकदम गार."

बिंदूने पडद्यावरचं नाव वाचलं.

"माझे वडील आहेत ते," ती म्हणाली.

वंशीचा चेहरा पांढराफटक पडला. "अय्यो. बिंदू, मला खरंच... मी पाहिलं नाही गं नाव."

"असू दे. मी काढून टाकते यादीतून."

तिला खरोखर तेवढंच करायचं होतं. नाव निवडायचं, खोडायचं, उठायचं. पण नावापुढे आकडा होता. आलेली उत्तरं, एक हजार चौऱ्याऐंशी. एवढं काय लिहिलं असेल नान्नांनी? 'मिळालं, आभार', 'मिळालं, आभार', असं हजारदा? तिला मायेने हसूही आलं, आणि तिने तीन वर्षांत पहिल्यांदा तो कप्पा उघडला.

यंत्राचा मेल रोज एकच होता, तिच्या नावाने. 'कसे आहात? तिकडे काय नवीन?' त्याखाली नान्ना.

'नवीन काही नाही. पारिजातकाला कळ्या. तुझ्या आईने लावलेला.'

'सीतेची लेस परत आली. टाके सैल म्हणे. दोन दिवस घरात बोलायची सोय नाही.'

'काल स्वप्नात तारऑफिस. यंत्र चालू, माणूस कोणी नाही. तू जेवतेस ना वेळेवर?'

'आज पुन्हा तीन. कामात आहेस. समजलं.'

हे तीन काय, बिंदूला कळलं नाही. ती पुढे वाचत गेली. पहिल्या महिन्यात दोन ओळी, मग चार, मग पानभर. चौतीस वर्षं एकेक शब्द वाचवलेल्या माणसाला कोणीतरी रोज विचारत होतं, काय नवीन, आणि तो सांगत सुटला होता. आईच्या शेवटच्या दिवसाचं त्यांनी लिहिलं होतं. घरात कधीच न बोललेलं, की त्या दुपारी तिने बाहेर बस म्हणून खूण केली आणि ते बसले, आणि त्याचं त्यांना अजून वाईट वाटतं. त्याखाली बिंदूच्या नावाने उत्तर, 'वाचून बरं वाटलं.'

तिने तोंडावर हात दाबला. खाली जायला हवं, दुखणं ऑक्टोबरात निघालं असं अकराव्याला कानावर आलं होतं, ऑक्टोबर कुठे आहे? सापडला. चौदा ऑक्टोबर.

'डॉक्टरांना दाखवलं. हृदयाच्या दोन वाहिन्या तुंबल्या. नळी बसवायची म्हणतात. लवकर करा म्हणतात. तुझ्या रजेचा प्रश्न. फोनवर बोललो तर तू घाबरशील, म्हणून लिहितो. विचार करून सांग. लगेच करू का?'

त्याखाली, एका मिनिटाच्या आत, 'कल्पना चांगली आहे. पुढच्या तिमाहीत बघू.'

पंधरा ऑक्टोबर. 'बरं. तिमाही म्हणजे जानेवारीपासून, बरोबर? तू विचार करूनच म्हणाली असशील. गोळ्या चालू.' आणि उत्तर, 'अगदी बरोबर आहे तुमचं.'

नोव्हेंबर. 'रात्री छातीत भरून आलं. सीता म्हणाली बिंदूला फोन करते. मी म्हटलं, तिला माहीत आहे सगळं.' उत्तर, 'सध्या गडबडीत आहे, पण लक्षात ठेवते.'

डिसेंबर. 'तीन जानेवारी, सकाळी आठ. भीमावरमचा दवाखाना. तिमाही लागल्या लागल्या. रजा नाही मिळाली तरी चालेल. सीता आहे.' उत्तर, 'वाचून बरं वाटलं.'

पुढचं तिने कसं वाचलं तिचं तिला ठाऊक. अठरा डिसेंबरच्या शेवटच्या पत्रापर्यंत पोचली तेव्हा अक्षरं दिसत नव्हती. ती जिन्यात गेली आणि पायरीवर बसून ओरडून ओरडून रडली. वरून खालून माणसं आली, कोणी पाणी आणलं. वंशी शेजारी बसला आणि सगळं ऐकून पुन्हापुन्हा एकच सांगत राहिला, "तू नाही दिलंस उत्तर. यंत्राने दिलं. तुझ्यापर्यंत पोचलंच नाही ना ते? मग तुझा काय दोष?"

बुडत्याला काडी म्हणतात ती हीच. तिने ती घट्ट धरली. त्याच संध्याकाळी नरसापूरची गाडी पकडली आणि बाकावर डोकं टेकून तेच घोकत राहिली. अत्तय्या, तू म्हणालीस ते खरं, त्यांनी विचारलं होतं. पण मी नाही गं उत्तर दिलं. यंत्राने दिलं. मी नाही.

* * *

सकाळी ती पोचली तेव्हा अत्तय्या ओट्यावर होती. मांडीवर लेस, बोटात सुई. तिने वर पाहिलं नाही.

"आलीस? आज तीन तारीख. आठला न्यायचं होतं त्याला. गाडी सांगून ठेवली होती त्याने, तो ड्रायव्हर आत्ता येऊन गेला. कोणी कळवलंच नव्हतं बिचाऱ्याला. म्हणतो, रावगारू तयार आहेत का?"

बिंदू पायरीवरच बसली. "अत्तय्या, तू खरं बोलत होतीस. नान्नांनी विचारलं होतं."

सुई थांबली. "मग? मी काय निवडणुकीला उभी आहे खोटं बोलायला?"

"पण माझं ऐक ना जरा. ते उत्तर..."

"तू आधी माझं ऐक." अत्तय्या गुडघ्यावर हात देऊन उठली. "त्या दिवशी जीभ सुटली माझी. अकराव्याला पोर उपाशी पाठवली. अन्नय्या, माझा भाऊ, असता तर आठ दिवस बोलला नसता माझ्याशी. थांब, तुला द्यायचं राहिलंय एक."

ती आत गेली आणि एक लांबोडकी वही घेऊन आली, तारऑफिसातून निवृत्तीच्या वेळी आणलेल्या वह्यांतली. पहिल्या पानावर नान्नांच्या घोटीव अक्षरात एक ते सहा आकडे, आणि प्रत्येकापुढे एक वाक्य. तिची सहा वाक्यं, एकेक पहिल्यांदा आलं त्या क्रमाने. खाली तेलुगूत अर्थ. पुढची पानंच्या पानं नुसती तारीख आणि आकडा. दोन. पाच. एक. तीन. मध्येच कुठेतरी सहा, आणि त्या सहाला लाल पेन्सिलीचा गोल.

'आज पुन्हा तीन' म्हणजे काय, ते आत्ता बिंदूला समजलं.

"हे काय आहे?"

"तुझी उत्तरं. आधी मी म्हटलं त्याला, अन्नय्या, ही पोर तीच तीच वाक्यं पाठवते, वाचते तरी का? तर हसला मला. म्हणाला, सीते, तुला तारेतलं काय कळतं? पूर्वी शुभेच्छांच्या तारा नंबरावर जायच्या. लग्नाला वेगळा नंबर, पास झाल्याला वेगळा. मजकूर सरकारचा छापील. पण तो नंबर सांगायला माणूस उन्हातान्हात सायकल मारत आलेला असायचा, नंबरांच्या फळ्यासमोर उभा राहून पाच-पाच मिनिटं विचार करायचा, कुठला पाठवू म्हणून. वाक्य सरकारचं, निवड त्याची. माझी पोर एवढ्या मोठ्या ऑफिसात बसते. माझं वाचते, सहातला एक निवडते, आणि मिनिटाच्या आत पाठवते. मिनिटाच्या आत, सीते! कोणाची पोरं पाठवतात?"

बिंदू एकेका आकड्यावरून बोट फिरवत पानाच्या तळाशी गेली.

"रोज कॉफीच्या वेळी सांगायचा, आज दोन आला, आज पाच आला. सहाची वाट बघायचा. सहा आला की स्वारी दिवसभर खुशीत. दुखणं सुरू झाल्यावर तर फारच वाट बघायचा गं. दोन महिने सहा आला नाही. चार आला, तीन आला, एक आला. बोलायचा नाही काही, पण मला दिसायचं ना." अत्तय्याने पदर नाकाला लावला. "आणि अठराला दुपारी आतून हाक मारली, सीते, सीते! मला वाटलं पडला. धावत गेले, तर फोन हातात धरून लहान पोरासारखा हसतोय. म्हणे, सहा आला! बघ, पायाला सूज आल्याचं लिहिलं होतं, लगेच सहा आला. पोरीला कळलं. त्या दिवशी त्याने कॉफी मागून घेतली, वर अर्धा पेला आणखी. सकाळी उठवायला गेले तर..."

वहीच्या शेवटच्या ओळीत अठरा डिसेंबर होता. पुढे सहा. त्याला एकावर एक दोन गोल.

अत्तय्या तिच्याजवळ सरकून बसली. इतकी जवळ ती बिंदूच्या लहानपणानंतर बसली नव्हती. आवाज एकदम खाली आला होता.

"मी तुला एवढं बोलले, पण मनात ना, मी तेवढं एकच धरून बसलेय, बिंदू. जाताना तो आनंदात होता. शेवटी त्याला सहा आला. तो तूच पाठवलास ना? वाचून? निवडून?"

बिंदूने रात्रभर घोकलेलं वाक्य घशाशी आलं. मी नाही गं अत्तय्या, यंत्राने. एवढं म्हटलं की ती सुटणार होती. चार तिचा नव्हता. थांबा असं तिने कधीच सांगितलं नव्हतं. बापाच्या मरणात तिचा हात नव्हता. पण चार यंत्राचा असेल तर सहाही यंत्राचाच. मग तीन वर्षं रोज कॉफीच्या वेळी हा माणूस कोणाचे नंबर मांडत होता? आणि त्या दिवशी दुपारी तो कोणाच्या उत्तराने हसला?

"हो, अत्तय्या," ती म्हणाली. "मीच पाठवला. त्यांचं वाचून पाठवला."

अत्तय्याने तिचं डोकं छातीशी धरलं आणि भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी रडली. समोरची बाई दारात येऊन उभी राहिली आणि काही न विचारता परत गेली.

मग अत्तय्याने डोळे पुसले. वही स्वतःच्या मांडीवर घेतली. पानं मागे उलटत ऑक्टोबरवर आली, आणि चौदा तारखेपुढच्या चारवर बोट ठेवलं. रागाने नाही, एखादा चुकलेला टाका दाखवावा तसं.

"मग हा चार? हाही वाचूनच?"

"हो," बिंदू म्हणाली.

"का गं, पोरी?"

बिंदूने तोंड उघडलं. वाचून बरं वाटलं, अगदी बरोबर, गडबडीत आहे, पुढच्या तिमाहीत, सविस्तर बोलू, काळजी घ्या. तीच सहा वाक्यं एकामागून एक आठवत गेली, आणि अत्तय्या तिच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत बसून राहिली.